न पेटणारी फळी

चिकलठाण्याच्या मागं, विमानतळाच्या भिंतीच्या कडेनं ज्या नव्या वस्त्या उठल्या, तिथल्या बऱ्याच घरांत बैठकीच्या भिंतीवर एक फळी दिसते. सागवानी रंगाची, कडेला गोल पट्टी मारलेली, वरच्या दोन कोपऱ्यांत बोटाएवढी कमळं. फळीवर सोलरचा इन्व्हर्टर, नाहीतर मीटर, नाहीतर मेन स्विच. पाहुणा आला की घरमालक यंत्राचं राहू देतो आणि फळीचं सांगतो. सोनाजीची हाय म्हणतो.

सोनाजी वायरमन. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं वाळका, डोक्याला कायम टोपी. कन्नड तालुक्यात घाटाच्या अंगाला त्याचं गाव. घरात आज्या-पणज्यापासून मेंढरं. मेंढरांमागं न जाता आयटीआयला गेलेला घरातला तो पहिलाच. बापाला हे शेवटपर्यंत पटलं नाही. पोरगं दिवसभर भिंतीकडं तोंड करून काय उभं राहतं, असं तो गावात विचारत फिरायचा.

दुसरे वायरमन भिंतीत चार खुट्ट्या ठोकून यंत्र टांगत आणि मोकळे होत. सोनाजीला ते बघवत नसे. नव्या वस्त्यांचा गिलावा असा की छिद्र पाडायला गेलं की मूठभर माती हातात यावी. म्हणून तो आधी फळी बसवायचा आणि फळीवर यंत्र. तारा फळीमागं दडून जात. शिवाय फळी करायला त्याला आवडायचंच. प्लाय कापायचा, वर सनमायका चिकटवायचा, कडा घासायच्या, कमळं कोरायची. एका फळीत त्याचा अख्खा दिवस जाई. लोक त्याला फळीवाले सोनाजी म्हणू लागले तेव्हा त्यानं ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

प्लाय तो शहागंजातून आणायचा, खालेदभाईच्या दुकानातून. दोन वर्षांपूर्वी घरोघर छतावर सोलर बसायला लागलं आणि सोनाजीला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. तेव्हा एकदा खालेदभाईनं प्लाय बांधता बांधता हात थांबवला.

"सोनाजीभाऊ, सोलर के पीछे लकडी नक्को लगाव. दिनभर तपती मशीन है. ये लेव."

त्यानं मागून राखाडी रंगाचा एक सिमेंट बोर्ड ओढून काढला. सोनाजीनं त्याच्यावर बोटाचं पेर वाजवलं. ह्ये गोठ्यात शोभंल खालेदभाई, लोकांच्या बैठकीत नाय, असं म्हणाला. खालेदभाई हसला आणि त्यानं प्लाय बांधून दिला. गिऱ्हाइकाला दुकानदारानं किती अडवायचं.

पण ते बोलणं सोनाजीच्या डोक्यात राहिलं. घरी येऊन त्यानं फळीच्या तुकड्याला काडी लावून बघितली. काडी बोटापर्यंत जळत आली, सनमायक्यावर काळा डाग पडला, अंगठ्यानं पुसला तर तोही गेला. फळीनं काही जाळ धरला नाही. त्या दिवसापासून त्याच्या पिशवीत टेस्टरशेजारी काडेपेटी आली. फळी बसवायच्या आधी तो घरातल्या सगळ्यांना बोलवायचा, त्यांच्यासमोर काडी ओढायचा, फळीला लावायचा, डाग पुसायचा आणि सावकाश म्हणायचा, बघा, धरते का. माणसं मान डोलवायची. खोटं सांगतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. काडी त्याच्या डोळ्यांसमोर विझत होती.

भागूबाईच्या घरी त्यानं जी फळी केली ती त्याच्या सगळ्या फळ्यांत देखणी. भागूबाईचा मुलगा गोकुळ तिथल्याच एका कंपनीत पाळीवर जातो. सून मोनिका. पहिल्याच दिवशी चहा देताना मोनिकानं त्याचं गाव विचारलं आणि तिचं तोंड उजळलं. तिचं माहेर कन्नडच्या अलीकडं, त्याच्या गावापासून दोन कोसांवर. जात वेगळी, घर वेगळं, पण माहेरच्या रस्त्यावरचा माणूस म्हणून ती त्याला मामा म्हणू लागली. आमच्याकडं ही मोठी गोष्ट असते. सासरच्या गावात माहेरचा माणूस भेटला की पोरीला भिंतीला टेकल्यासारखं होतं. सोनाजीलाही ते गोड वाटलं. देवघराच्या दारावर जी कमळं होती तशीच हुबेहूब त्यानं फळीवर काढली, कारण भागूबाईला सोलरची फळी देवघराच्या अगदी वर, त्याच्या जोडीची हवी होती.

फळी चढवायच्या दिवशी काडी ओढून झाली, डाग पुसून झाला. भागूबाई म्हणाली, बेस हाय. तेव्हा मोनिका मागून बोलली.

"मामा, काडी तर घडीभरबी जळत नाय. ह्ये यंत्र दिवसभर तापंल ना?"

गोकुळनं तिला टोमणा मारला, आता तू मामाला वायरमनकी शिकव. सगळे हसले. सोनाजीही हसला. मोनिका लाजून आत गेली आणि प्रश्न तिथंच पडून राहिला.

त्यानंतर दुसरं नवरात्र आलं. भागूबाईच्या घरी घट बसतात. देवघरापुढं काळी माती पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मध्ये मडकं, बाजूला नऊ दिवस न विझणारा दिवा. चौथ्या माळेला भागूबाई शेजारणींबरोबर कर्णपुऱ्याच्या देवीला गेली. गोकुळ पहिल्या पाळीला. मोनिका एकटीच घरी होती. दुपारी एक-दीडच्या सुमाराला, ऊन डोक्यावर असताना, ती धुतलेले गहू पसरायला गच्चीवर गेली. पंधरा मिनिटं म्हणा, वीस म्हणा. धुराचा वास आला तशी खाली धावली तर फळीतून जाळ निघत होता.

पोरीनं आधी मेन बंद केला. मग घट वाचवायला गेली आणि तापलेलं मडकं तिनं उघड्या हातांनी उचललं. उजवा तळवा सोलून निघाला. शेजारच्या बांधकामावरच्या माणसांनी रेती मारून आग विझवली. भिंत छतापर्यंत काळी झाली, देवघराचं एक दार गेलं, उगवलेले कोंब करपले, दिवा लवंडला. माणसाच्या जिवाला काही झालं नाही.

भागूबाई परतली आणि तिनं तो लवंडलेला दिवा बघितला. बास, तिच्यापुरता निकाल लागला. चौथ्या माळेला घट उठला, तो सुनेमुळं. दिव्याजवळ बसून राहा म्हणून बजावून गेले होते, ही गेली गच्चीवर. वात मोठी ठेवली असंल. मोनिका म्हणत होती की जाळ वरून येत होता, दिवा तर नंतर धावपळीत पडला. पण ते कोण ऐकतं.

चारच्या सुमाराला सोनाजीला बोलावलं. त्यानं इन्व्हर्टर उतरवला, फळी भिंतीवरून सोडवली आणि उलटी केली.

आता जे दिसलं ते कळायला तीस वर्षांच्या अनुभवाचा वायरमन लागत नाही. फळीची खालची कड, जी दिव्याच्या सगळ्यांत जवळ, तिथलं पॉलिश अजून चमकत होतं. आणि वर, यंत्राच्या तारा जिथं पेचांत आवळल्या होत्या तिथं मागून प्लायला हाताचा पंजा जाईल एवढं भोक. भोकाच्या कडेनं लाकूड नुसतं जळालेलं नव्हतं, त्याचा आतल्या आत कोळसा झाला होता. पेच ढिला पडला होता. महिनोन्‌महिने तिथं थोडं थोडं तापत होतं, लाकूड वाळत होतं, काळं पडत होतं, आणि आश्विनाच्या उन्हात यंत्र भर जोमात असताना एक दिवस त्यानं धरलं. पेच त्यानंच आवळला होता. लाकूड त्यानंच लावलं होतं. मागं दुसरं काही असतं तर तार जळून तुटली असती, यंत्र बंद पडलं असतं, घरातल्यांनी त्याला शिव्या घातल्या असत्या. एवढंच झालं असतं.

भागूबाई त्याच्या पाठीशी उभी होती. ती म्हणाली, तुमची फळी होती सोनाजीभाऊ म्हणून एवढ्यावर निभावलं, दुसऱ्याची असती तर घर गेलं असतं.

सोनाजी फळी हातात धरून तसाच वाकलेला राहिला. स्वयंपाकघराच्या दारात मोनिका उभी होती. तळव्याला मलम लावून वर फडकं गुंडाळलेलं. डोळे सुजलेले. तिनं सासूकडं बघितलं नाही. त्याच्याकडं बघितलं.

"मामा, दिव्यानंच लागली व्हय?"

नाय, एवढा एक शब्द बोलायचा होता. सोनाजीच्या डोळ्यांपुढून वस्तीतल्या सगळ्या फळ्या गेल्या, कमळांसकट.

"आता दिवा खालीच होता म्हणल्यावर..." तो म्हणाला. "सांगता येत नाय, बाई."

मोनिका आत गेली आणि थोड्या वेळानं चहा घेऊन आली. डाव्या हातानं. सोनाजीनं चहा घेतला आणि सगळा प्यायला. मग फळी पोत्यात घातली, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि गाडीवर टाकून घरी घेऊन गेला. फेकायला नेतो, असं भागूबाईला सांगून.

ते पोतं त्यानं घरामागं पत्र्याखाली सारून दिलं. पुढचे चार-पाच दिवस तो कामाला जात होता, येत होता, जेवत होता. एकदा टपरीवर गोकुळ भेटला. त्यानं आपणहून सांगितलं की आईनं हिचा देवघरातला हात बंद केलाय. उरलेल्या माळा शेजारच्या सारजाबाईच्या घरी घालतेय. पुढच्या वर्षी घट बसवायचे तर हिला आधी माहेरी धाडीन म्हणती. बोलताना गोकुळ गाडीच्या आरशावरची धूळ पुसत होता. तुला काय वाटतं, असं सोनाजीला विचारावंसं वाटलं. पण तो म्हणाला, होतं असं घरात. आणि उठला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. सोनाजी त्या दिवशी लवकर उठून आंघोळ करतो आणि टेस्टर, पकड, ड्रिल पाटावर मांडतो. या वायरमनच्या घरात पाणी मात्र अजून बंबात तापतं. त्याची बायको कस्तुराबाई विजेच्या गिझरला हात लावत नाही. ती अंगणात बंबापुढं बसली होती. सोनाजी टॉवेल घेऊन आला तर तिच्या मांडीजवळ ते पोतं उघडं पडलेलं. फळीचा एक कोपरा, कमळ असलेला, तिनं मोडून घेतला होता.

ते कुठून काढलं, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, जळकीच हाय की, ठेवून काय करता. आणि बंबात आधीच घातलेल्या तुकड्यांकडं हात करून सहज म्हणाली,

"तुमच्या फळ्यांचे तुकडे लई बेस. कागदाचा बोळा टाकला की धरतात. बाभळीला फुकून फुकून डोळे जातात."

सोनाजीनं वाकून बघितलं. बंबात त्याच्याच प्लायचे तुकडे होते, सनमायक्यासकट. सनमायका फुगून सुटला होता आणि खालचं लाकूड धडाधडा जळत होतं. गेली कित्येक वर्षं तो फळ्यांचे उरलेले तुकडे पोतं भरभरून घरी आणत होता, आणि त्याच जाळावरच्या पाण्यानं आंघोळ करून लोकांच्या घरी काडी ओढून दाखवायला जात होता.

तो बंबाजवळ खाली बसला आणि त्यानं बायकोला सगळं सांगितलं. पेचाचं, भोकाचं, दिव्याचं. चहाचंही सांगितलं. कस्तुराबाई बंबातला जाळ तेवढा हलवत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

"ती पोरगी तुमाला मामा म्हणती?"

व्हय म्हणाला.

"मग पाणी घ्या अन् जा."

पूजेला त्यानं हत्यारं मांडली. पिशवीतली काडेपेटी मात्र चुलीजवळ ठेवून दिली.

शहागंजात खालेदभाईनं सिमेंट बोर्डाचं नाव ऐकलं आणि डोळे मिचकावले. गोठा बांधला क्या भाऊ, म्हणाला. सोनाजीनं काय झालं ते सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं दोन माल पुढं आणले. एक आग सोसायला औषध पाजलेला प्लाय, त्याच्यावर तपासणीचा शिक्का आणि सोबत कागद. दुसरा तोच राखाडी बोर्ड, त्यालाही शिक्का. शिक्का आणि कागद बघितल्याशिवाय कुणाच्या तोंडच्या शब्दावर घेऊ नका, माझ्यासुद्धा, असं तो म्हणाला. बोर्ड आणि भिंत यांच्यात बोटभर जागा सोडा, वारं खेळू द्या. सोनाजीनं प्लायवरून हात फिरवला. गुळगुळीत होता, कमळ छान आलं असतं. त्यानं राखाडी बोर्ड उचलला.

खालेदभाई त्याला पायरीपर्यंत सोडायला आला.

"मैंने भी एकीच बार बोला था. जोर से बोलना था."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सोनाजी भागूबाईच्या घरी गेला. मुद्दाम घरात सगळे असतील अशा वेळी. एका हातात सिमेंट बोर्ड, दुसऱ्या हातात ते पोतं. गोकुळ दाराला तोरण बांधत होता. सणाचं काम काढलं का मामा, म्हणाला. सोनाजीनं बैठकीच्या मधोमध पोतं सोडलं, अर्धी उरलेली फळी उलटी ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं. आग वरून लागली. पेच ढिला होता, मी आवळलेला. लाकूड मी लावलं. दिव्याचा काय संबंध नाय, पोरीचा तर नायच.

गोकुळनं हातातलं तोरण खाली ठेवलं. तुम्हाला कधी कळलं, असं त्यानं विचारलं. सोनाजी म्हणाला, त्याच दिवशी, फळी उलटी केली तेव्हाच.

"सहा दिवस? सहा दिवस माझी बायको घरात चोरावानी फिरती, अन् तुमाला माहीत होतं?"

सोनाजीनं मान खाली घातली. गोकुळ पुढं बरंच बोलला. त्यातलं काही त्यानं सहा दिवसांत स्वतःलाही सांगायला हवं होतं, आणि ते बोलता बोलता त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण मधेच त्याचा आवाज खाली आला. भागूबाई फळीच्या भोकाकडं बघत होती. पदर तोंडाशी धरलेला.

मोनिका आतून आली. ती फळीजवळ बसली. डाव्या हाताचं बोट तिनं खालच्या चमकणाऱ्या कडेवरून फिरवलं, मग वरच्या भोकात घातलं. बोट काळं झालं. मग सिमेंट बोर्डाकडं बघून विचारलं, ह्यो जळत नाय का. शिक्का दाखवायला सोनाजीनं कोपरा पुढं केला. ती म्हणाली, त्याचा एक तुकडा द्या. त्यानं कोपऱ्यातून वीतभर कापून दिला. पिशवीकडं हात गेला त्याचा, जुन्या सवयीनं, आणि तिनं ते पाहिलं.

"काडी नको, मामा."

ती तुकडा घेऊन आत गेली आणि गॅसच्या मोठ्या जाळावर ठेवला. शेजारी कुकरमध्ये पुरणाची डाळ शिजत होती. सगळे स्वयंपाकघरात उभे राहिले. पाच शिट्ट्या झाल्या. राखाडी तुकडा पांढुरका पडला, त्याला केसाएवढी एक चीर गेली, पण धूर नाही की जाळ नाही. मग सोनाजीनंच जळक्या फळीचा एक धड तुकडा तोडून तिच्या हातात दिला. आता ही ठेव म्हणाला. तो तुकडा आधी फुगला, मग घाण धूर सुटला, आणि दोन ओव्या म्हणून होतील एवढ्या वेळात त्यानं पेट घेतला. गोकुळनं चिमट्यानं उचलून मोरीत टाकला. त्याच्यावर पाणी ओतलं तरी कडेला असलेलं अर्धं कमळ थोडा वेळ लाल राहिलं.

"बोर्ड लावा," मोनिका म्हणाली.

सोनाजीनं बोर्ड लावला. भिंतीपासून बोटभर जागा सोडून. पेच आवळले, पुन्हा आवळले, तिसऱ्यांदा हात लावून बघितले. दर सहा महिन्यांनी येऊन तपासून जाईन म्हणाला. त्याला कुणी हो म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. चहा कुणी विचारला नाही. त्याला ते बरं वाटलं.

तो हत्यारं पिशवीत भरत होता तेव्हा नैवेद्याची वेळ झाली होती. भागूबाई देवघरापुढं येऊन उभी राहिली. दिव्यात तेल घातलं. आणि मागं न बघता म्हणाली, मोनिका, दिवा लाव पोरी.

मोनिका स्वयंपाकघराच्या दारातून हलली नाही.

"आज तुमीच लावा. माझा हात आजून दुखतोय."

भागूबाईनं काडी ओढली. पहिली विझली. दुसरीला वात लागली.

सोनाजी दाराशी चपला घालत असताना मोनिका त्याच्यामागं आली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं त्याला जास्तच लागलं.

"मामा, मी तुमाला विचारलं होतं त्या दिवशी. चहा द्यायच्या आधी."

"व्हय," तो म्हणाला.

त्या वस्त्यांत सोनाजीच्या एकतीस फळ्या होत्या. त्याला सगळ्या घरांसकट पाठ आहेत. दिवाळीपासून तो एकेक उतरवतोय. काही जण लगेच तयार होतात. काहींना राखाडी बोर्ड आवडत नाही. एका बाईनं कमळं तेवढी कापून मागितली, तिनं ती टीव्हीखाली ठेवली आहेत. एक जण म्हणाला, तुम्हीच तर काडी लावून दाखवली होती. दोन घरांनी त्याला दारातूनच परत लावलं. तिथं तो दर महिन्याला पुन्हा जातो.

फळी का उतरवायची, हे प्रत्येक घरी त्याला सांगावं लागतं. पेच ढिला होता आणि लाकूड होतं, एवढं सांगून भागतं. लोक तेवढ्यावर मान डोलवतातही. पण तो तिथं थांबत नाही. पोरगी दारात उभी होती, तिच्या हाताला फडकं होतं, तिनं विचारलं आणि आपण काय बोललो, हे सांगतो. तिनं आणलेला चहा आपण सगळा प्यायलो, तेही सांगतो.